शिल्लक एक नग

२०२३ ची वसुबारस. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या दुकानात मोठं घंगाळ एकच उरलं होतं. तांब्याचं, हाताने ठोकलेलं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या, वजन साडेपाच किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, त्यामुळे पुण्याच्या रविवार पेठेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. एका कुटुंबाने ते घंगाळ पसंत केलं, बाबांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) काट्यावर ठेवून वजन वाचलं, दिवाणजींनी बिल केलं आणि पाच मिनिटांत घंगाळ रिक्षातून गेलंही. सात वाजून बावीस मिनिटांनी माझ्या फोनवर ऑर्डर येऊन पडली. नागपूरहून. मोठं घंगाळ, एक नग, पैसे भरलेले.

ती मी पाहिली रात्री साडेदहाला, शटर खाली आल्यावर. तेव्हा वेबसाइटवरची शिल्लक मी हाताने बदलत असे. दिवसभराची बिलं समोर घ्यायची आणि एकेक आकडा कमी करत जायचं. दिवाळीच्या दिवसांत हे काम बारा-बारा वाजेपर्यंत चालायचं. त्या रात्री घंगाळाच्या ओळीपाशी आले आणि हात थांबला, कारण तिथे आधीच शून्य झालं होतं. नागपूरच्या ऑर्डरने केलेलं शून्य. दुकानात विकलेल्या घंगाळासाठी कमी करायला काही उरलंच नव्हतं.

सकाळी फोन लावला. पलीकडे निवृत्त शिक्षिका होत्या. मुलीच्या नव्या घरी दिवाणखान्यात पाण्यावर फुलं सोडायला घंगाळ हवं होतं, लहानपणी आजोळी होतं तसं. मी ‘सिस्टीममध्ये जरा घोळ झाला’ असं काहीसं बोलले, पैसे लगेच परत करते म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “अहो, पण तुमच्या पानावर ‘शिल्लक एक नग’ असं लिहिलं होतं ना? ते वाचूनच मी घाईने पैसे भरले. म्हणजे ते माझं झालं होतं.”

ते माझं झालं होतं. या चार शब्दांनी मला पुढचं वर्षभर कामाला लावलं.

*

आमच्याकडे तेव्हा तीन ठिकाणी लिहिलं जायचं. पहिली दिवाणजींची वही. दिवाणजी सत्तरी ओलांडलेले, आमच्या आजेसासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले. लाल कापडी बांधणीची वही, तिच्यात रोजमेळ. सकाळची शिल्लक, दिवसभरातली जमा, दिवसभरातला खर्च, रात्रीची शिल्लक. वहीतला आकडा आणि गल्ल्यातली रोकड जुळल्याशिवाय ते चपला पायात घालत नाहीत. दुसरी जागा टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीसाठी. तिसरी वेबसाइट, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं तेव्हा मी घरी बसून उभी केलेली. तिन्ही ठिकाणी एकच व्यवहार तीनदा लिहिला जायचा, तीन वेगवेगळ्या वेळांना, तीन वेगवेगळ्या हातांनी.

या शहराला लिहून ठेवण्याची सवय जुनी आहे. पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि त्यांत रोजकीर्दींचे ढीग आहेत. आधी कीर्द, मग तिच्यावरून खतावणी. घडलं त्या क्रमाने एकदा लिहायचं आणि नंतर ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन टाकायचं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, आमचं दुखणं नेमकं तिथेच होतं. आमच्याकडे खतावण्या तीन होत्या आणि कीर्द कुठेच नव्हती. घंगाळ विकलं गेलं ही गोष्ट ‘पहिल्यांदा’ कुठे लिहिली जाते, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हा ठरवलं की धंद्याचं सगळं कामकाज एका छताखाली आणायचं आणि वेबसाइट त्याला जोडायची. खरेदी, साठा, विक्री, हिशेब, कारागिरांकडे दिलेली कामं, सगळं एका जागी. अशा प्लॅटफॉर्मना सगळे ईआरपी म्हणतात. पर्याय पुष्कळ आहेत. बेल्जियममध्ये २००५ साली टायनीईआरपी नावाने सुरू झालेलं ओडू आहे, मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट आहे, झोहो आहे. आणि टॅली तर १९८६ पासून व्यापाऱ्यांच्या ओळखीचं. पहिली दोन ओपन सोर्सच्या वळणाची, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे आत हात घालता येतो. दुसऱ्या बाजूला ऑनलाइन दुकानं, शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारखी. मधे दोघांना जोडणारा दुवा, कनेक्टर. आम्ही काय निवडलं हे सांगत बसत नाही, कारण पुढे जे घडलं ते कोणत्याही जोडीबरोबर घडलं असतं.

जोडणीचं काम वारज्याच्या एका मुलाने घेतलं. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडून त्याने विचारलं, “ताई, एक घंगाळ म्हणजे काय?”

*

मला प्रश्न कळलाच नाही. मग त्याने दाखवलं. टॅलीत आमचा साठा किलोत होता. तांबं अमुक किलो, पितळ तमुक किलो. वेबसाइटवर तोच साठा नगात. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “भांडं किलोवर विकतात. नगावर विकतात ते स्टील.” आणि त्यांचं बरोबरच होतं. तांब्या-पितळेचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या वजनावर चालत आला आहे, धातूचा दर अधिक मजुरी. गिऱ्हाईक भांडं उचलतं, काट्यावर ठेवतं, आकडा वाचतं. पण नागपूरच्या बाईंसमोर काटा नाही. त्यांना फोटो दिसतो आणि एक किंमत दिसते.

बरं, घंगाळं एकसारखी असती तर सरासरी वजन धरून भागलं असतं. पण ती कसबा पेठेतून येतात, तांबट आळीतून. कधी गेला नसाल तर एकदा सकाळी जा. गल्लीत वळण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. पत्र्याला आकार आला की मठारकाम सुरू होतं. कारागीर भांडं खुंटासारख्या लोखंडी ऐरणीवर धरून फिरवत राहतो आणि हातोडा एकाच लयीत पडत जातो. ठोका पडेल तिथे तांबं दबतं, टणक होतं आणि बोटाच्या पेराएवढी चकचकीत खळी उमटते. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, अशा ओळींवर ओळी. उन्हात धरलं की प्रत्येक खळी वेगळ्या कोनातून उजेड फेकते. हा सगळा खेळ मनगटाचा आहे. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात केलेली दोन घंगाळं काट्यावर ठेवली तर फरक सापडतोच, कधी पाऊण छटाक, कधी चांगला पावशेर.

मग साडेपाच किलोच्या घंगाळाची किंमत लावून पाच किलो तीनशेचं पाठवलं तर ती लबाडी, आणि पाच सातशेचं पाठवलं तर तोटा. आम्ही दोन दिवस यावर बोललो. शेवटी असं ठरलं, की मोठं हातकामाचं प्रत्येक भांडं म्हणजे स्वतंत्र वस्तू. घंगाळ, बंब, हंडा, मोठी परात यांना दुकानात येताक्षणी चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर आणि वजन. प्लॅटफॉर्मवर त्याला सिरियल नंबर म्हणतात. वेबसाइटवरही त्या त्या भांड्याचा स्वतःचा फोटो, स्वतःचं वजन आणि त्यावरून निघालेली स्वतःची किंमत. लहान भांडी, म्हणजे तांब्या, फुलपात्र, पळी, पंचपात्री, ताम्हण, ही नगावर. तिथे दोन-चार ग्रॅमला कोणी अडत नाही. काम तिपटीने वाढलं. पण त्यानंतर ‘एक घंगाळ म्हणजे काय’ याचं उत्तर दुकानातल्या पोऱ्यालाही देता येऊ लागलं, आणि याच्या आधी ते आमच्यापैकी कुणालाच देता येत नव्हतं.

कल्हईने असाच घोळ घातला. पितळेचं पातेलं आम्ही दोन प्रकारे विकतो, कल्हई करून आणि कल्हईशिवाय. वेबसाइटवर ते दोन पर्याय, दोन वेगळे कोड. माळ्यावर पातेली तीन, पण मी दोन्ही पर्यायांपुढे तीन-तीन लिहून ठेवलेलं. म्हणजे जगाला आम्ही सहा पातेली दाखवत होतो! कल्हई ही वस्तू नव्हेच. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झटक्यात पुसत न्यायचं. पिवळ्या पितळेवर रुपेरी लाट धावत जाते ती बघण्यासारखी असते. ही सेवा आहे, ती साठ्यात मोजत नाहीत. मुलाने प्लॅटफॉर्मवर पातेलं ही एकच वस्तू ठेवली आणि ‘कल्हईचं पातेलं’ म्हणजे एक पातेलं अधिक एक कल्हई असा संच बनवला. आता कोणत्याही वाटेने विकलं तरी तीनातून एकच जातं, आणि दोन्ही पर्यायांपुढे दोन दिसतात.

*

जोडण्याआधी मोजणी करणं भाग होतं. चुकीचा साठा जोडला की चूक फक्त वेगाने पसरते. २०२४ च्या पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून तेव्हा मोजणी काढली. पोटमाळ्यावर कंबर वाकवून तीन दिवस. मी मोजायचे, पोऱ्या चिठ्ठी बांधायचा, दिवाणजी खालून ओरडून वहीतला आकडा सांगायचे. अकरा कळश्या वहीत होत्या त्या माळ्यावर नव्हत्या. चार बंब माळ्यावर होते ते वहीत नव्हते. बंब बघून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, गॅसचे गिझर घरोघरी आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते वर ठेवून दिले होते, ‘परत दिवस येतील’ म्हणून. विकले गेले नाहीत म्हणून वहीतून केव्हातरी गळले. त्यांतला एक आता दुकानाच्या दर्शनी भागात आहे आणि तो विकायचा नाही असं बाबांनी प्लॅटफॉर्मवर लिहून घेतलं आहे.

जोडणी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री एक चमत्कारिक गोष्ट घडली. सकाळी उठून पाहते तो एकाच पंचपात्रीच्या शेकड्यांनी नोंदी. प्लॅटफॉर्मने वेबसाइटला कळवलं, शिल्लक सात. वेबसाइटने सात लिहून घेतलं आणि आपल्या नियमाप्रमाणे ‘शिल्लक बदलली’ असा निरोप पाठवला. दुव्याला वाटलं ही नवी बातमी, त्याने ती प्लॅटफॉर्मला दिली. प्लॅटफॉर्मने लिहून घेतलं आणि पुन्हा कळवलं. रात्रभर दोघं एकमेकांना सात-सात सांगत बसले.

तेव्हा आम्ही बसून वाटणी केली. दोन भावांची घरं वेगळी होताना करतात तशीच, कागदावर. भांड्याचं नाव, फोटो, माहिती वेबसाइटच्या मालकीची. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता आणि ऑर्डर तिथेच जन्मणार, तिथून प्लॅटफॉर्मकडे येणार. शिल्लक, वजन, किंमत, कर आणि बिल प्लॅटफॉर्मच्या मालकीचं. तिथून वेबसाइटकडे जाणार, उलटं कधीच नाही. ज्याची मालकी त्यानेच लिहायचं, दुसऱ्याने फक्त वाचायचं. मला तातडीने एखादा आकडा वेबसाइटवर बदलावासा वाटला तरी बदलायचा नाही. हे पाळणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. चार वर्षं मी ते पान माझ्या हाताने सांभाळलं होतं.

बिलाच्या नंबरावरूनही बरीच चर्चा झाली. ऑर्डरचा नंबर आणि बिलाचा नंबर एकच ठेवू, सोपं पडेल, असं माझं म्हणणं. पण जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे नंबर सलग हवेत आणि सोळा अक्षरांच्या आत. ऑर्डरी रद्द होतात, अर्ध्यावर सुटतात, मधले नंबर गळतात. म्हणून ऑर्डरचा नंबर बिलावर ‘संदर्भ’ म्हणून येतो आणि बिलाची माळ स्वतंत्र चालते. दिवाणजींना हे समजावण्याची गरजच पडली नाही. ते म्हणाले, “वहिनी, पावतीपुस्तकातलं पान फाडायचं नसतं, हे तर मी केव्हापासून सांगतोय.”

निरोपांबद्दल मात्र त्यांना समजावताना मजा आली, कारण समजावता समजावता मलाच ते नीट कळलं. ऑर्डर आली की वेबसाइट प्लॅटफॉर्मला लगेच निरोप पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात. निरोप मिळाल्याची पोच वेळेत आली नाही तर ती तोच निरोप परत पाठवते. म्हणजे एकाच ऑर्डरचे दोन निरोप येऊ शकतात, आणि प्लॅटफॉर्मने डोळे मिटून दोन्ही घेतले तर दोन बिलं होतात. दिवाणजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “लग्नाची पत्रिका पोस्टाने आली, मग पोरगा हातानेही देऊन गेला, तर आपण आहेर एकदाच करतो ना? वहीत नाव बघायचं. लिहिलेलं असलं की झालं.” अगदी हेच करतात. ऑर्डरचा नंबर आधीच नोंदलेला असला तर दुसरा निरोप वाचून बाजूला ठेवायचा.

आणि कधी निरोप पोचतच नाही. इंटरनेट गेलेलं असतं, सर्व्हर बंद असतो. त्यासाठी रात्री अकराला दोन्ही बाजूंची दिवसभराची यादी शेजारी-शेजारी ठेवून तपासली जाते आणि न जुळणाऱ्या ओळी तेवढ्या लाल होऊन येतात. मुलाने त्या अहवालाला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. दिवाणजींनी विचारलं, हा रोजमेळच ना? तेव्हापासून स्क्रीनवर ‘रोजमेळ’ असंच नाव आहे.

*

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. बातमी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फुटलेली, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस लोक दुकानात येऊन भाव विचारत आणि ‘बावीसनंतर येतो’ म्हणून जात. पूजेचा मोठा कलश २,१५० रुपयांना होता, करासकट. कर उतरल्यावर तो साधारण २,०१६ ला बसत होता, बाबांनी १,९९९ करायला सांगितलं. किंमत प्लॅटफॉर्मवर बदलली, वेबसाइटवर आपोआप गेली. ज्यांनी आदल्या रात्री जुन्या किमतीत ऑर्डर टाकून ठेवल्या होत्या, त्यांचं बिल व्हायचं होतं; त्यांनाही नव्या दराने बिल करून फरक परत पाठवला. इथवर सगळं सुरळीत.

संध्याकाळी आरतीनंतर मी येणी उघडली. चौतीस बिलं बाकी दाखवत होती. प्रत्येकावर येणं एक पैसा.

मी आणि दिवाणजी कागद घेऊन बसलो. १,९९९ मधून ५ टक्के कर वेगळा काढला की मूळ किंमत १,९०३ रुपये ८१ पैसे. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला तो कर दोन भागांत लागतो, अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. अडीच टक्के होतात ४७.५९५, म्हणजे पैशांत ४७.६०. असे दोन. बेरीज १,९९९ रुपये १ पैसा. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला कर एकाच भागात, ९५.१९, बेरीज बरोबर १,९९९. म्हणजे तोच कलश कोल्हापूरला गेला तर एक पैसा उरतो आणि बेंगळुरूला गेला तर उरत नाही. जुन्या किमतीला जुन्या दराने गणित चोख बसत होतं, म्हणून वर्षभरात हे कधी दिसलंच नव्हतं. वेबसाइटने १,९९९ घेतले, प्लॅटफॉर्मने १,९९९.०१ चं बिल केलं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मला वाटलं होतं दिवाणजी वैतागतील. ते खुलले. चष्मा पुसून म्हणाले, “वटाव-कसरीला टाका.” त्यांच्या वहीत हे खातं पहिल्यापासून आहे. हिशेबात पै-पैसा कमी-जास्त झाला की तो लपवायचा नाही, गिऱ्हाइकाकडे मागायचा नाही, त्याला स्वतःचं खातं द्यायचं. प्लॅटफॉर्मवर त्याचं नाव राउंड ऑफ. दहा मिनिटांत नियम लागला, चौतीसच्या चौतीस बिलं मिटली. चौतीस पैशांची ती नोंद मी अधूनमधून उघडून बघते. मला ती आवडते.

ऑनलाइन पैसे बँकेत पूर्ण येत नाहीत, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. आमच्या पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेऊन आमच्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीची) फी २ टक्के, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. १,९९९ च्या कलशाचे हातात १,९५१ रुपये ८२ पैसे येतात, तेही दोन-तीन दिवसांनी आणि वीस ऑर्डरींचे एकत्र. ती जुडी सोडवून कोणत्या बिलाला किती लावायचे ते आता दुवा करतो. दिवाणजी तरीही दर सोमवारी एक जुडी स्वतः सोडवून बघतात.

परत आलेल्या मालाचं शिकायला आम्हाला तीन पार्सलं लागली. वेबसाइटवर रिटर्न नोंदवताना एक छोटी खूण असते, माल साठ्यात परत घ्यायचा का. मी सवयीने खूण करत गेले. क्रेडिट नोट (म्हणजे बिल उलटवणारा कागद) निघाली, पैसे परत गेले, शिल्लक एकाने वाढली, सगळं जुळलं. पण परत आलेल्या कळशीच्या पोटाला वाटीएवढा पोचा होता आणि ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाला विकली गेली. पोऱ्याने पॅक करताना पाहिलं म्हणून वाचलो. आता परतीचा माल आधी ‘पोचे’ नावाच्या वेगळ्या गोडाउनात जमा होतो. गोडाउन म्हणजे जिन्याखालचा कोपरा. तिथून तांबट आळीत पोचे काढायला जातो, परत आल्यावर बाबा हात फिरवून बघतात आणि मगच विक्रीच्या साठ्यात येतो. हात फिरवून बघणं ही पायरी प्लॅटफॉर्मवर ‘तपासणी’ म्हणून आहे आणि तिथे फक्त बाबांची सही चालते.

*

इतकं सगळं झाल्यावरही घंगाळाचा मूळ प्रश्न पुरता सुटला नव्हता, हे सांगायला हवं. निरोप आता काही सेकंदांत पोचतो. दुकानात बिल झालं की वेबसाइटवरचा नग उतरतो. पण बिल होण्याआधी गिऱ्हाईक भांडं हातात घेतं, आत-बाहेर बघतं, घरी फोन करून विचारतं, दहा-पंधरा मिनिटं तरी जातात. तेवढ्या वेळात जर कोणी नागपुरात, नाशकात बसून पैसे भरले तर? प्लॅटफॉर्म याला चोख उत्तर देतो. हातात एक, राखीव एक, विकायला शून्य. पण ते उत्तर स्क्रीनवर असतं आणि भांडं फळीवर. फळीवरच्या भांड्याकडे बघून ते राखीव आहे हे कसं कळणार?

मी सुचवलं, शेवटचा नग वेबसाइटवर दाखवायचाच नाही. बरेच जण तसं करतात. बाबांनी नकार दिला. “आहे ते आहे म्हणायचं. दुकानातल्याला दाखवायचं आणि लांबच्यापासून लपवायचं, हे कसलं?”

मग पोऱ्याने तोडगा काढला. देवघराच्या कपाटात लाल धाग्याचं रीळ असतं. ऑनलाइन ऑर्डर आली की काउंटरवरच्या फोनची घंटा वाजते. पोऱ्या हातातलं काम टाकून उठतो, चिठ्ठीचा नंबर बघून ते भांडं शोधतो आणि त्याच्या कडीला लाल धागा बांधतो. बस्स. धागा बांधलेलं भांडं विकायचं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात भांडं असताना घंटा वाजलीच, तर ज्याचा हात आधी लागला त्याचं. ऑनलाइनवाल्यांना मी त्याच मिनिटाला फोन करते. वर्षभरात असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा पलीकडचा माणूस ‘अर्ध्या मिनिटात कळवलंत’ म्हणून थांबायला तयार झाला.

नागपूरच्या बाईंना मी पैसे परत केले नव्हते. फोनवर त्यांचं ते वाक्य ऐकल्यावर मीच विचारलं, तीन आठवडे थांबाल का. तांबट आळीत नवं घंगाळ घालायला सांगितलं. घडवताना फोटो पाठवत राहिले. वजन पाच किलो सहाशे वीस भरलं. जास्तीच्या वजनाचे पैसे बाबांनी घेऊ दिले नाहीत.

२०२५ च्या धनत्रयोदशीला दुपारी दुकान तुडुंब भरलेलं असताना एक गृहस्थ फळीवरच्या शेवटच्या घंगाळापाशी थांबले. कडीला लाल धागा होता. त्यांनी भांडं खाली काढायला सांगितलं. बाबा म्हणाले, ते गेलंय. गृहस्थ म्हणाले, गेलंय कुठे, समोर तर आहे. बाबांनी धाग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “नाशिकला गेलंय. अजून निघालं नाही एवढंच.” मग खुर्ची देऊन त्यांना बसवलं आणि माझ्याकडून नव्या घंगाळाची ऑर्डर लिहून घेतली.

नाशिकचं पार्सल त्याच संध्याकाळी बांधलं. पोऱ्याने कात्री घेतली तेव्हा मी धागा राहू दे म्हणाले. चार दिवसांनी तिकडून मेसेज आला, भांडं सुरेख आहे, आणि कडीला लाल धागा कशासाठी बांधलाय, दृष्ट लागू नये म्हणून का? मी उत्तर लिहायला घेतलं ते बरंच लांबलं.